हरवलेले कंपन : सिक्सअ‍ॅक्सिस कंट्रोलरची कथा (२००६–२००८)

१/२४
८ मे २००६. लॉस एंजेलिसमधल्या ‘ई-थ्री’ या व्हिडिओ गेमच्या वार्षिक प्रदर्शनाच्या तोंडावर सोनी कंपनीने ‘प्लेस्टेशन ३’चा कंट्रोलर जाहीर केला. हातातला कंट्रोलर कलवला की पडद्यावरचे विमानही कलत असे. हा नवा गुण मिळाला, पण एक जुना गुण गेला. १९९७ पासून प्लेस्टेशनची ओळख बनलेले कंपन, म्हणजे स्फोट झाला की तळहाताला जाणवणारी थरथर, या कंट्रोलरमधून काढून टाकण्यात आली होती.

२/२४
सोनीने दिलेले कारण तांत्रिक होते. कंट्रोलर स्वतःच थरथरू लागला तर त्याची हालचाल मोजणाऱ्या सेन्सरच्या नोंदींत व्यत्यय येतो, म्हणून कंपन वगळले, असे कंपनीने सांगितले. कारण ऐकायला पटण्याजोगे होते. अडचण एवढीच की त्याच आठवड्यात, त्याच प्रदर्शनात, निन्टेन्डोने आपला ‘वी रिमोट’ लोकांच्या हाती दिला. तो हालचालही ओळखत होता आणि थरथरतही होता. मग सोनीला जे जमत नव्हते, ते नेमके काय होते?

३/२४
उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. खेळाचा आघात हाताला जाणवून देण्याची कल्पना घरगुती कन्सोलपेक्षा जुनी आहे. १९७६ साली सेगाने ‘मोटो-क्रॉस’ नावाचा आर्केड खेळ आणला. त्यात मोटरसायकलचे खरेखुरे हँडल बसवलेले होते आणि पडद्यावर टक्कर झाली की ते हँडल खेळणाऱ्याच्या मुठीत थरथरत असे. पुढची वीस वर्षे हा अनुभव मुख्यतः नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांपुरता राहिला.

४/२४
घरात तो खऱ्या अर्थाने आला १९९७ साली. त्या वर्षीच्या २७ एप्रिलला जपानमध्ये ‘स्टार फॉक्स ६४’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याच्याबरोबर निन्टेन्डोने ‘रंबल पॅक’ दिला. हा कंट्रोलरच्या मागे खोचायचा जोड होता. त्यात एक मोटर होती आणि ती चालवण्यासाठी दोन छोटे सेल घालावे लागत. कंट्रोलर त्यामुळे जड होई. पण शत्रूचा मारा आपल्या विमानावर बसला हे आता डोळ्यांआधी हाताला कळू लागले.

५/२४
त्याच महिन्यात सोनीनेही जपानमध्ये कंपनाची सोय असलेला ‘ड्युअल अ‍ॅनालॉग’ कंट्रोलर आणला. गंमत अशी की अमेरिकेत विकताना त्याच कंट्रोलरमधली ही सोय काढून टाकण्यात आली होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये ‘ड्युअलशॉक’ आला. त्याच्या दोन्ही मुठींत एकेक मोटर होती आणि वेगळे सेल लागत नव्हते. नावातला ‘शॉक’ हा शब्दच हे उपकरण कशासाठी आहे ते सांगत होता.

६/२४
या मोटरची रचना अगदी साधी असते. तिच्या दांड्यावर एक वजन मध्यबिंदूपासून जरा बाजूला बसवलेले असते. दांडा फिरला की तोल ढळतो आणि सबंध कवच हादरते. ड्युअलशॉकच्या डाव्या मुठीत मोठे वजन होते, त्याचा हादरा खोल आणि जड. उजव्या मुठीत लहान वजन, त्याची थरथर बारीक आणि जलद. या दोहोंचे प्रमाण बदलून खेळकर्त्यांना बंदुकीचा धक्का, खडबडीत रस्ता, हृदयाचे ठोके असे वेगवेगळे स्पर्श घडवता येऊ लागले.

७/२४
या भाषेचा सर्वांत चतुर वापर १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’ या खेळात झाला. त्यात सायको मॅन्टिस नावाचा मनःशक्तीचा दावा करणारा खलनायक आहे. तो खेळणाऱ्याला कंट्रोलर जमिनीवर ठेवायला सांगतो आणि आपल्या शक्तीने तो हलवून दाखवतो. प्रत्यक्षात दोन मोटरी जोरात फिरतात आणि कंट्रोलर फरशीवर सरकतो. पडद्यामागचे पात्र आपल्या खोलीतली वस्तू हलवते, हा प्रसंग एका पिढीच्या स्मरणात राहिला. हा मॅन्टिस पुढे पुन्हा भेटणार आहे.

८/२४
दुसरा धागा हालचालीचा. २००० साली निन्टेन्डोने जपानमध्ये गेम बॉय कलरसाठी कर्बी या पात्राचा एक खेळ काढला. त्याच्या काडतुसातच कल ओळखणारा सेन्सर होता. यंत्र तिरपे केले की गोल कर्बी त्या बाजूला गडगडत जाई. असा सेन्सर म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले अतिसूक्ष्म वजन, तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांना टांगलेले. उपकरण हलले की वजन किंचित सरकते, आणि ते सरकणे विजेच्या संकेतातून मोजता येते.

९/२४
हे दोन धागे एकत्र आले २००४ च्या ऑक्टोबरमध्ये. गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठीच्या ‘वारिओवेअर : ट्विस्टेड!’ या खेळाच्या काडतुसात गोल फिरणे मोजणारा जायरो सेन्सरही होता आणि कंपनाची मोटरही. बोटभर लांबीच्या त्या डबीत दोघे शेजारीशेजारी नांदत होते. म्हणजे २००६ साली सोनीने हे दोन गुण एकत्र नांदत नाहीत असे सांगितले, तेव्हा ते एकत्र असलेला खेळ बाजारात दीड वर्षापासून विकला जात होता.

१०/२४
आता तिसरा धागा, न्यायालयाचा. १९९३ साली लुईस रोझेनबर्ग यांनी कॅलिफोर्नियात ‘इमर्शन’ ही कंपनी स्थापन केली. यंत्राच्या साहाय्याने स्पर्श घडवणे हाच तिचा व्यवसाय. २००० साली तिने ‘व्हर्च्युअल टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी विकत घेतली. आभासी जगातल्या वस्तूंना हात लावल्याची जाणीव देणारे हातमोजे ही कंपनी बनवत असे. त्या कामातून निघालेली, फिरत्या वजनाने स्पर्श घडवण्याविषयीची पेटंटे आता इमर्शनची झाली.

११/२४
फेब्रुवारी २००२ मध्ये इमर्शनने सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांवर कॅलिफोर्नियाच्या संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. प्लेस्टेशनचे आणि एक्सबॉक्सचे थरथरणारे कंट्रोलर आपल्या पेटंटांचा भंग करतात, असे तिचे म्हणणे होते. मायक्रोसॉफ्टने लांबवर लढण्याऐवजी जुलै २००३ मध्ये तडजोड केली. तिने २ कोटी ६० लाख डॉलर दिले. त्यांतले काही परवान्यासाठी, तर काही खुद्द इमर्शनमधल्या भागभांडवलासाठी. सोनी मात्र लढत राहिली.

१२/२४
सप्टेंबर २००४ मध्ये ज्युरीने सोनीच्या विरुद्ध निकाल दिला आणि भरपाई ठरवली ८ कोटी २० लाख डॉलर. मार्च २००५ मध्ये न्यायाधीशांनी व्याज धरून ही रक्कम सुमारे ९ कोटी डॉलरवर नेली. याहून गंभीर भाग पुढे होता. प्लेस्टेशनची त्या वेळची दोन्ही यंत्रे, ड्युअलशॉक कंट्रोलर आणि ४७ खेळ यांच्या अमेरिकेतील विक्रीला मनाई करणारा हुकूमही देण्यात आला. अपिलाचा निर्णय लागेपर्यंत त्याला स्थगिती मिळाली, तोवर सोनीने इमर्शनला परवाना शुल्क भरत राहायचे होते.

१३/२४
या हुकुमाचे वजन समजण्यासाठी एक आकडा पुरे. सोनीच्या पहिल्या दोन कन्सोलांपैकी प्रत्येकाची जगभरातली संख्या २००५ अखेर दहा कोटींच्या पुढे गेली होती. म्हणजे मे २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ चा कंट्रोलर जाहीर झाला, त्या दिवशी सोनीचे अपील प्रलंबित होते, मनाई हुकूम डोक्यावर टांगलेला होता आणि वादाचा विषय नेमका कंट्रोलरमधले कंपन हाच होता. कंपन का वगळले हे सांगताना सोनीने बोट दाखवले ते सेन्सरकडे.

१४/२४
इथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सोनीने सांगितलेली अडचण काल्पनिक नव्हती. हालचाल मोजणारे सूक्ष्म वजन हे हाताची हालचाल आणि मोटरचा हादरा असा भेद करत नाही. त्याच्या लेखी दोन्ही हालचालीच. मोटर फिरत असताना सेन्सरचे आकडे खालीवर होऊ लागतात. त्यांतून खेळणाऱ्याने कंट्रोलर नेमका किती कलवला हे काढायचे, तर संकेताची सफाई करावीच लागते. प्रश्न होता तो ही सफाई अशक्य आहे काय, एवढाच.

१५/२४
ती अशक्य नव्हती, आणि याची दोन कारणे मुळात होती. पहिले कारण वेगाचे. माणूस जाणूनबुजून मनगट हलवतो ते सेकंदाला काही थोड्या वेळाच. मोटरचे वजन सेकंदाला त्याच्या अनेक पट फेऱ्या घेते. जलद चढउतार गाळून संथ बदल तेवढे ठेवणारा फिल्टर ही संकेतविज्ञानातली जुनी आणि रुळलेली युक्ती आहे. तंबोरा सतत झंकारत असतानाही गायकाचा स्वर कानाला वेगळा ऐकू येतो, तसेच काहीसे हे काम आहे.

१६/२४
दुसरे कारण याहून साधे. मोटर केव्हा आणि किती जोरात फिरवायची, हा हुकूम कन्सोलच देते. म्हणजे हा हादरा कुठून तरी अनपेक्षित येणारा गोंगाट नाही. तो आपणच केलेला आणि आधीपासून माहीत असलेला आवाज आहे. तेवढ्या क्षणापुरते सेन्सरवर कमी विसंबता येते किंवा हादरा अगदी थोडक्यात आटोपता येतो. वी रिमोटमध्ये हेच जाणवे. टेनिसचा चेंडू लागला की एक छोटा ठोका, पडद्यावरच्या बटणावरून निर्देशक सरकला की हलकीशी टिचकी.

१७/२४
सोनीची घोषणा झाल्यावर इमर्शनचे प्रमुख व्हिक्टर व्हीगास यांनी जाहीरपणे उत्तर दिले. ही समस्या फार अवघड आहे असे आपल्याला वाटत नाही, आणि सोनीची इच्छा असेल तर आपले तज्ज्ञ ती सोडवून देतील, अशा आशयाचे ते बोलले. ज्या कंपनीशी न्यायालयात भांडण चालू होते, तीच मदतीचा हात पुढे करत होती. अर्थात त्या हातात परवान्याचे देयकही होते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. सोनीने तो हात धरला नाही.

१८/२४
नोव्हेंबर २००६ मध्ये दोन्ही कन्सोले आठवड्याभराच्या अंतराने विक्रीला आली. प्लेस्टेशन ३ बरोबर मिळणाऱ्या कंट्रोलरचे नाव होते ‘सिक्सअ‍ॅक्सिस’. मोटरी नसल्यामुळे त्याचे वजन सुमारे १४० ग्रॅम भरे, आणि हातात घेतल्यावर तो पोकळ वाटतो अशी तक्रार अनेकांनी केली. खरी टोचणी जुन्या खेळांची होती. प्लेस्टेशन ३ वर मागच्या कन्सोलचे खेळ चालत, पण ज्या प्रसंगांत पूर्वी हात हादरत असे, तिथे आता हाताला काहीच जाणवत नव्हते.

१९/२४
२००७ च्या आरंभी सोनीचे स्पष्टीकरण बदलत गेले. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी फिल हॅरिसन यांनी एका मुलाखतीत कंपन ही मागच्या पिढीची सोय असल्याचे आणि पुढच्या पिढीची सोय हालचाल ओळखणे ही असल्याचे सांगितले. आधी कारण होते ‘करता येत नाही’. आता झाले ‘करण्याची गरज नाही’. ही दोन कारणे एकमेकांना पूरक वाटतात, पण तशी ती नाहीत. ज्या वस्तूची गरजच नाही, तिच्यासाठी तांत्रिक असमर्थता सांगण्याचे प्रयोजन उरत नाही.

२०/२४
१ मार्च २००७ रोजी सोनी आणि इमर्शन यांनी वाद मिटल्याचे जाहीर केले. सोनीने अपील सोडून दिले, न्यायालयाने ठरवलेली रक्कम व्याजासह मान्य केली आणि पुढच्या काळासाठी परवाना घेतला. आधी भरलेले शुल्क आणि पुढची रॉयल्टी धरून इमर्शनच्या पदरात एकूण सुमारे १५ कोटी डॉलर पडणार होते. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोजलेल्या रकमेच्या पाचपटींहून हे अधिक. आपल्या उत्पादनांत इमर्शनचे तंत्र वापरण्याची वाट आता सोनीला मोकळी झाली.

२१/२४
आणि मग २० सप्टेंबर २००७. टोकियो गेम शोमध्ये काझुओ हिराई यांनी ‘ड्युअलशॉक ३’ जाहीर केला. बाह्य रूप सिक्सअ‍ॅक्सिसचेच. हालचाल ओळखण्याची सोय जशीच्या तशी. आणि मुठींत पुन्हा दोन मोटरी. वजन सुमारे १९० ग्रॅम. जपानमध्ये तो नोव्हेंबर २००७ मध्ये, तर अमेरिकेत एप्रिल २००८ मध्ये आला. सोळा महिन्यांपूर्वी जे एकत्र नांदू शकत नव्हते, ते आता एकाच कवचात बसले होते. ज्यांनी कन्सोल आधी घेतले होते, त्यांना मात्र ही थरथर परत मिळवण्यासाठी नव्या कंट्रोलरचे पैसे पुन्हा मोजावे लागले.

२२/२४
या कथेला एक शेपूटही आहे. मायक्रोसॉफ्टने २००३ च्या करारात एक कलम घालून ठेवले होते : इमर्शनने पुढे सोनीशी तडजोड केली, तर त्यातला वाटा मायक्रोसॉफ्टला मिळावा. सोनीशी झाला तो व्यवहार तडजोड नव्हताच, असा पवित्रा इमर्शनने घेतला. जून २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दावा ठोकला आणि ऑगस्ट २००८ मध्ये इमर्शनने तिला २ कोटी ७ लाख ५० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले. एकदा वेळेवर नमते घेणाऱ्याला आपल्या पैशांतले बहुतेक पैसे परत मिळाले.

२३/२४
जून २००८ मध्ये ‘मेटल गिअर सॉलिड ४’ प्रसिद्ध झाला आणि त्यात सायको मॅन्टिस परतला. दहा वर्षांपूर्वीप्रमाणेच तो कंट्रोलर हलवण्याचा खेळ मांडतो. खेळणाऱ्याच्या हाती सिक्सअ‍ॅक्सिस असेल तर काहीच घडत नाही आणि बिचारा मॅन्टिस हताश होतो. हाती ड्युअलशॉक ३ असेल तर कंट्रोलर थरथरतो, आणि कंपन परत आल्याचा त्याला कोण आनंद! सोनीच्याच कन्सोलवरच्या खेळाने सोनीच्या या दोन वर्षांवर केलेली ही टिप्पणी होती. खेळणाऱ्यांना तिचे स्पष्टीकरण लागले नाही.

२४/२४
पुढे २०१० चा ‘प्लेस्टेशन मूव्ह’, २०१३ चा ‘ड्युअलशॉक ४’, २०१७ चे निन्टेन्डोचे ‘जॉय-कॉन’, २०२० चा ‘ड्युअलसेन्स’ या सर्वांत हालचाल आणि कंपन एकत्र आले. ते एकमेकांच्या आड येतात काय, हा प्रश्नही कुणी विचारेनासा झाला. अवघड असणे आणि अशक्य असणे यांत अंतर असते, आणि कित्येकदा ते अंतर प्रयोगशाळेत न मोजता करारनाम्यावर मोजले जाते. पहिल्या वर्षी विकल्या गेलेल्या प्रत्येक सिक्सअ‍ॅक्सिसच्या मुठीत दोन मोटरींची जागा रिकामी आहे. त्या काळाचा तो सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज म्हणावा लागेल.